भोंगा गेला, मस्टर राहिलं

वेल्ह्याकडचा एखादा म्हातारा लग्नाची पत्रिका घेऊन शहरातल्या मोठ्या गृहसंकुलाच्या गेटवर पोचतो, तेव्हा पुढे जे घडतं त्याला प्रवेश म्हणता येत नाही. ती भरती असते. आधी नाव, मग गाव, मग मोबाइल नंबर. मग कॅमेऱ्याकडे बघायचं, टोपी काढून. "कुणाकडे जायचंय?" "पुतन्याकडं." "टॉवर कुठला?" "उंच हाय म्हनला हुता." "फ्लॅट नंबर?" "त्ये त्याच्या बापाला ठावं, आन् बाप गावाला हाय." मग वर पुतण्याच्या मोबाइलवर विचारणा जाते. पुतण्या मीटिंगमध्ये असतो. कुरियरवाला असेल असं समजून तो बोट लावतो आणि नाकारून मोकळा होतो. सख्खा चुलता, हातात पत्रिका असूनही, नामंजूर होतो. यथावकाश घोटाळा निस्तरतो, सगळ्यांना ओशाळल्यासारखं होतं, पुतण्या वॉचमनवर आणि सून पुतण्यावर चिडते. चिडत नाही तो फक्त म्हातारा. कारण उमेदीची वर्षं त्याने मुंबईच्या गिरणीत काढलेली असतात, आणि नाव सांगून, नंबर घेऊन, आतल्या कुणाच्या तरी ओळखीवर गेट ओलांडायचा विधी त्याला पाठ असतो. लिफ्टमध्ये तो एवढंच विचारतो, "तुजी पाळी कंची?" सगळे हसतात. हसू नये. त्या टॉवरमधल्या उच्चशिक्षित मंडळींना कर्जाचे निम्मे हप्ते फेडूनही जे उमगलेलं नाही, ते त्याला दारातच उमगलेलं असतं.

प्रस्तुत लेखाचा मुद्दा एवढाच, की म्हातारा बरोबर आहे. उपनगरांतले कारखाने बंद पडले आणि त्या जागी घरं झाली, हा आपला सर्वांचा गोड गैरसमज आहे. कारखाना बंद पडलेला नाही. त्याने फक्त यंत्रं विकली, कामगार बदलले आणि सोसायटी या नावाने पुन्हा नोंदणी केली. हा सिद्धान्त कुठल्याही विद्यापीठाने मागितलेला नाही आणि दिला तर घेणारही नाही. पण पुरावे भक्कम आहेत. पहिला पुरावा पत्त्याचा. ठाण्यात जाऊन बघा. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं आणि वागळे इस्टेटपासून त्याचा संसार सुरू झाला. त्याच्याही आधी, १९२५ पासून, तिथे लोकरीची गिरणी होती, तीच पुढे रेमंड झाली आणि तिच्या जमिनीवर आज टॉवर आहेत. कोलशेतला क्लॅरियंट ही रसायनांची कंपनी होती. त्या जमिनीवरही आता संकुल आहे. संकुलांच्या कमानींवर इटलीतल्या गावांची, स्पेनमधल्या फुलांची आणि कुठल्याच देशात न सापडणारी नावं सोनेरी अक्षरांत झळकतात. पण त्या कमानीखालून रिक्षा करून बघा. "कुठे?" असं रिक्षावाला विचारतो, तेव्हा इटलीचं नाव घेणाऱ्याकडे तो करुणेने पाहतो. मग प्रवासी शरणागती पत्करतो आणि म्हणतो, "नितीन कंपनी." किंवा "गोल्डन डाइज नाका." किंवा "कॅसल मिल." मीटर लगेच पडतो. कोटीचा फ्लॅट घेतलेला माणूस घरी जाताना रोज कारखान्याचंच नाव घेऊन जातो. अमुक कंपनीत कामाला आहे असं सांगायला पूर्वी कामगाराला अभिमान वाटे. आता अमुक कंपनीपाशी राहतो असं सांगावं लागतं, एवढाच काय तो फरक.

यावर कुणी म्हणेल, की नावांचं काय घेऊन बसलात, नावं मागे रेंगाळतातच. खरं आहे. वेल्हे तालुक्याला आता राजगड हे नाव मिळालं, आणि ते त्याला शोभतंही. तरी स्वारगेटला एसटीच्या खिडकीशी म्हातारी विचारणार ती वेल्ह्याचीच गाडी. म्हणून नावापाशी थांबायला नको, कारभार पाहू. गिरणीच्या गेटवर हजेरी लागायची, तिला मस्टर म्हणत. आज गेटवर तेच मस्टर ॲपमध्ये असतं, आणि जुन्या टाइमकीपरला जे साधलं नव्हतं ते त्याला साधतं : घरकाम करणाऱ्या बाई किती वाजता आल्या, तिसऱ्या मजल्यावर किती वेळ होत्या, तिथून नवव्यावर कधी गेल्या आणि महिन्यात त्यांचे खाडे किती, याचा तक्ता मालकिणीला जेवणाच्या टेबलावर मिळतो. संध्याकाळी त्याच बाईंची पिशवी गेटवर उघडून पाहिली जाते. गिरणीत तिला झडती म्हणत. इथे तिला सिक्युरिटी म्हणतात आणि तिचा खर्च मेंटेनन्समध्ये धरतात. बदली कामगारही आहे. कायम कामगार गावी गेला की त्याच्या जागी उभा राहायचा तो बदली. बदलीचं कार्ड घेऊन तो रोज सकाळी गेटवर काम मिळण्याची वाट पाहत थांबे. सोसायटीत त्याला भाडेकरू म्हणतात. त्याला सभेत बोलायचा हक्क नाही, पार्किंगचा भरवसा नाही आणि पोहण्याच्या तलावाबद्दल त्याने विचारू नये. मूळ मालकाने स्वतः न राहता बदली ठेवला म्हणून सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंत बिनभोगवटा शुल्क भरायचं असतं. याला गैरहजेरीचा दंड म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? आणि हे सगळं कमी पडलं म्हणून की काय, बाईंनी आणि डिलिव्हरीच्या पोरांनी मालाच्या लिफ्टनेच जायचं, अशी पाटी असते. जिथे माल तयार होत नाही तिथे मालाची लिफ्ट कशाला, हा प्रश्न आजवर कुठल्याही सभेत आलेला नाही.

आता पाळ्या घ्या. गिरणीला तीन पाळ्या असत आणि त्यांच्यावर अख्ख्या वस्तीचं घड्याळ लागलेलं असे. एका खोलीत गावकीच्या माणसांचा गाळा. पहिल्या पाळीचा उठला की तिसऱ्या पाळीचा त्याच पथारीवर आडवा व्हायचा. सोसायटीत भोंगा नाही, पण पाणी आहे. सकाळी सहा ते आठ पहिली पाळी, संध्याकाळी सात ते आठ दुसरी, आणि मधल्या वेळेत टँकर आला तर तो ओव्हरटाइम. व्हॉट्सॲपवर "पाणी आलं" असा संदेश पडला, की सल्लागार, संचालक, निवृत्त कर्नल असे सगळे आपापल्या मोटारींकडे धावतात, ते दुसऱ्या भोंग्याला गेट बंद होईल या भीतीने कामगार धावत तसे. पुण्यातल्या सोसायट्यांची ही पाळी कोण लावतं? खडकवासल्याच्या वर पानशेत आणि वरसगाव ही धरणं आहेत, वेल्ह्याच्या डोंगरांत. पानशेत १२ जुलै १९६१ रोजी फुटलं तेव्हा पुणं वाहून गेलं. एरवी ते न फुटता पुण्याला पाळीने वागवतं. भोरकडेही १९२८ पासून भाटघरचा मोठा जलाशय आहे, पण त्याचं पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती-फलटणच्या उसाला जातं. थोडक्यात, या दोन तालुक्यांनी पाणी बाहेर पाठवलं आणि त्याच वाटेने माणसंही पाठवली, मुंबईला गिरणीत नाहीतर पुण्यात मिळेल त्या कामावर. तिसऱ्या पाळीचं म्हणाल, तर ती मधे काही वर्षं बंद होती. घरून काम करायची पद्धत आली आणि तीही सुरू झाली. रात्री दीड वाजता त्या टॉवरकडे पाहिलं तर निम्म्या खिडक्यांत उजेड असतो, आणि प्रत्येक उजेडात एकेक माणूस अमेरिकेच्या वेळेप्रमाणे पडद्यासमोर बसलेला असतो. गळ्यात पट्ट्याला अडकवलेलं ओळखपत्र असतं, घरातल्या घरात. गिरणीत एक माणूस दोन साचे सांभाळी. इथे एका फ्लॅटमध्ये दोन साचे चालतात, नवऱ्याचा आणि बायकोचा, आणि दोघांची एकमेकांशी गाठ पडते ती फक्त पाण्याच्या पाळीला.

सगळ्यात जोरदार पुरावा रविवारचा. मुंबईत पहिली कापडगिरणी काढायचा घाट कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली घातला, आणि त्यानंतर काही दशकं कामगारांना हक्काची आठवड्याची सुट्टी नव्हतीच. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली, अर्ज केले, सभा घेतल्या, आणि १८९० साली रविवारची सुट्टी पदरात पाडून घेतली. पुणे जिल्ह्याशी नातं असलेल्या या माणसाने मिळवून दिलेला तो रविवार आपण शंभर वर्षांहून जास्त उपभोगला, आणि सोसायटीने तो एका नोटिशीत परत घेतला : "सर्व सभासदांची वार्षिक सर्वसाधारण सभा रविवारी सकाळी ठीक साडेदहा वाजता क्लब हाऊसमध्ये होईल." ही गेटसभाच असते. फक्त पूर्वी गेटसभेत भाषण एक जण करायचा आणि ऐकायचे हजार. इथे सगळे एकाच वेळी बोलतात. गणसंख्या भरत नाही. मग सभा अर्धा तास तहकूब होते, आणि अर्ध्या तासाने त्याच जागी, गणसंख्येची अट नसलेली, कायदेशीर सभा सुरू होते. हे इतकं ठरलेलं असतं, की अनुभवी सभासद मुळात अकरालाच येतात, म्हणजे तहकुबीची वेळ पाळायला कमिटी एकटीच हजर असते. मग पाच मिनिटांत लाखांचा हिशेब मंजूर होतो आणि पुढचे दोन तास कुत्र्यांवर जातात. "कुत्रं लिफ्टने नेऊ नये." "का नेऊ नये? ते मेंटेनन्स भरतं." "कुत्रं भरतं?" "त्याचा मालक भरतो." "मग मालकाने लिफ्टने जावं, कुत्र्याने जिन्याने जावं." इतिवृत्तात याची नोंद "प्राणीविषयक सर्वांगीण चर्चा" अशी होते. जुन्या गिरणीत जॉबर ज्याला कामावर घेई तो जॉबरचा माणूस होई. इथे सेक्रेटरी ज्याची गळती आधी बुजवतो तो सेक्रेटरीचा माणूस होतो. खजिनदार त्याच्या विरुद्ध गटात असतोच. दोन संघटना एका गिरणीत असल्या की काय होतं, हे सांगायला जुन्या कामगाराची गरज पडू नये.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा, की कारखान्यात काहीतरी निघतं. सोसायटीत काय निघतं? या प्रश्नाला उत्तर देताना भोरचं नाव कामी येतं. भोर इंडस्ट्रीज नावाची एक कंपनी होती. प्लॅस्टिकचा थर चढवलेलं, चामड्यासारखं दिसणारं कापड ती बनवायची. ते बनवताना मधल्या टप्प्यावर पीव्हीसीचा एक कच्चा पापुद्रा तयार व्हायचा. अबकारी खातं म्हणालं, पापुद्रा तयार झाला ना, मग त्यावर कर भरा. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९८९ साली न्यायालयाने सांगितलं, की नुसतं काहीतरी तयार होऊन भागत नाही. बाजारात जे विकलं-घेतलं जातं किंवा जाऊ शकतं, त्यालाच माल म्हणायचं. देशभरच्या करसल्लागारांना पाठ असलेला हा निकाल सोसायट्यांनी चौकटीत लावून गेटवर टांगायला हवा. सोसायटीत अहोरात्र उत्पादन चालू असतं : तक्रारी, खुलासे, त्या खुलाशांवरचे खुलासे, "पूर्वसूचना" आणि "अंतिम पूर्वसूचना". पण या मालाला बाजारात गिऱ्हाईक नाही, म्हणून त्याला माल म्हणता येत नाही, म्हणून कारखाना दिसत नाही. सरकार मात्र फसलेलं नाही. सोसायटीची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर आणि सभासदाचं मासिक शुल्क साडेसात हजारांच्या वर गेलं, की त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. उलाढाल! घरात राहायलाही उलाढाल असते, हे आधी कारखानदाराला कळलं असतं तर त्याने यंत्रं घेतलीच नसती.

दुसरा आक्षेप छाती पुढे काढून येतो : "कामगार नोकर होता, आम्ही मालक आहोत." हे वाक्य सभेत जो उच्चारतो, त्याने आठवड्यापूर्वी स्वतःच्या भिंतीत खिळा ठोकायला अर्ज केलेला असतो. ड्रिलिंग दुपारी दोन ते चार बंद. खिडकीचा रंग बदलायचा नाही. घर विकायचं तर ना-हरकत, भाड्याने द्यायचं तर ना-हरकत, फरशी बदलायची तर अनामत रक्कम. गिरणीमालकाने नवी छपरं घातली तेव्हा त्याला कुणी अनामत मागितली नव्हती. पण या मालकीची खरी गंमत बाल्कनीत कळते. ज्या जमिनीवर वर्षानुवर्षं थानांमागून थानं कापड विणलं गेलं, त्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या इमारतीत बाल्कनीत टॉवेल वाळत घालायला बंदी आहे. दर्शनी भागाची शोभा जाते. दोरीवर एक बनियन दिसली की व्यवस्थापकाचा फोन येतो, समोरच्या टॉवरमधून काढलेल्या फोटोसह. मालक तत्परतेने बनियन आत घेतो आणि बाथरूममध्ये पंखा लावून वाळवतो. बनियनसाठी पंखा लावणाऱ्याला मालक म्हणायचं असेल तर म्हणावं. पण जुन्या कामगाराने चाळीच्या सार्वजनिक गॅलरीत, कुणाच्या बापाची भीड न ठेवता, धोतरं वाळत घातली होती. वेतनाचा मुद्दाही इथेच निकालात निघतो. कामगाराला महिन्याअखेर पगार मिळे, इथे महिन्याअखेर भरावा लागतो. कामगाराने स्वतःच्या कामाचे पैसे स्वतःच द्यायचे, आणि ते वेळेवर दिले म्हणून नोटीस बोर्डावर त्याचं अभिनंदन करायचं, हा व्यवस्थापनशास्त्राचा शेवटचा टप्पा आहे. जुने गिरणीमालक त्याच्या जवळपासही पोचले नव्हते.

तिसरा आक्षेप जरा गंभीर माणसं घेतात. ती म्हणतात, गिरणी म्हणजे कापसाच्या तंतूंनी भरलेली छाती आणि साच्यांच्या खडखडाटाने बधिर झालेले कान. सोसायटीतल्या कुरबुरींशी तिची बरोबरी करणं हा त्या माणसांचा अपमान आहे. आक्षेप मान्य. बरोबरी नाहीच. गिरणीत कामगाराला जे मिळालं नाही ते संकुलातल्या माणसाला मिळालं, आणि ते म्हणजे जागा. १९९१ सालच्या नियमाप्रमाणे गिरण्यांच्या जमिनीचे साधारण तीन वाटे व्हायचे होते : एक मोकळ्या मैदानांना, एक म्हाडाच्या घरांना, एक मालकाला. २००१ साली नियम दुरुस्त झाला आणि ही वाटणी सगळ्या जमिनीची न राहता आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची झाली. गिरणी म्हणजे कुंपणापासून कुंपणापर्यंत छपरंच छपरं. तिच्यात मोकळी जमीन शोधणं हे वरातीत रिकामी खुर्ची शोधण्यातलं काम. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. गिरणी कामगारांच्या घरांच्या सोडती निघाल्या, काहींना घरं लागली, बाकीच्यांपुढे अगदी अलीकडे शेलू आणि वांगणीचे पर्याय ठेवण्यात आले. कामगारांनी विचारलं, गिरणी लोअर परळला होती, घर शेलूला कसं? व्यवहारी माणूस म्हणेल, शेलूहूनही लोकल मिळते. पण इतिहास पुसला गेला असं मात्र कुणी म्हणू नये. फिनिक्स मिलची चिमणी मॉलमध्ये मोठ्या मानाने उभी आहे, लोक तिच्याबरोबर फोटो काढतात. चिमणीला जागा मिळाली, कारण चिमणी घर मागत नाही.

भोर-वेल्ह्याचे वाचक म्हणतील, हे शहरातलं झालं. आमच्याकडे निगड्याचा साखर कारखाना सोडला तर चिमणी आहे कुठे? त्यांनी जरा चेलाडी फाट्यावरून वेल्ह्याच्या दिशेने नजर टाकत जावं. भाताच्या खाचरांच्या कडेने कमानी उभ्या राहताहेत : राजगडाचं दर्शन, तोरण्याचं दर्शन, एनए प्लॉट, क्लब हाऊस, चोवीस तास सुरक्षा. शहरांना आधी कारखाना आला, मग तो गेला, मग सोसायटी आली. असा शंभर-सव्वाशे वर्षांचा वळसा पडला. आपल्याकडे मधलं सगळं वगळून थेट शिस्तच येणार. कमानीपाशी केबिन, केबिनमध्ये वही, आणि वहीपाशी ज्याने जमीन विकली त्याचाच मुलगा निळ्या गणवेशात. तो येणाऱ्याजाणाऱ्याचं नाव लिहून घेतो, त्यात त्याचा स्वतःचा बापही आला. "कुणाकडं?" "आरं, वरल्या खाचरात आपली म्हस गेलीया." "वरलं खाचर आता फेज टू हाय, आबा. काय काम म्हनून लिहू?" वहीत नोंद होते : म्हैस, फेज टू, वैयक्तिक काम. शनिवार-रविवारी पुण्याहून प्लॉटधारक शांतता उपभोगायला येतात आणि सोमवारी ग्रामपंचायतीकडे तक्रार जाते, की भातगिरणीचा आवाज फार आहे. इंद्रायणी तांदूळ मात्र त्यांना त्याच गिरणीतून भरडून हवा असतो, हातसडीचा म्हणून. कोंबडा पहाटे चारला आरवतो, याबद्दलही एक अर्ज असतो. गावाला भोंगा नव्हता असं आपण समजत होतो. होता, फक्त तो आता नियमबाह्य ठरला.

तेव्हा जे आहे ते मान्य करून आपला फायदा पाहावा, हे उत्तम. राहतो ते घर हा कारखाना असेल, तर रहिवाशाला कामगाराचे हक्क मिळायला हवेत, आणि ते शोधायला लांब जायला नको. १९४८ च्या कारखाने कायद्याने आठवड्याला एक सुट्टी दिली, कामाच्या तासांना ४८ ची मर्यादा घातली, पिण्याच्या पाण्याची सोय सक्तीची केली आणि २५० हून अधिक कामगार असतील तिथे कॅन्टीनची तरतूद केली. बोनसच्या कायद्याने निदान ८.३३ टक्के बोनस ठरवून दिला. अडीचशे रहिवासी तर एका विंगमध्येच भरतात. म्हणजे कॅन्टीन आजच लागू होतं. गिरणगावातल्या खानावळवाल्या बायका पाळीप्रमाणे ताटं वाढत, आणि त्यांच्यातूनच १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं; इथे तीच भाजी लाल पेटीतून चाळीस रुपये वाहतूकखर्च लावून विसाव्या मजल्यावर येते. दिवाळीला मेंटेनन्समध्ये ८.३३ टक्के सूट, रविवारी सभा नाही, पाण्याची हमी आणि आठवड्यातून एक दिवस व्हॉट्सॲप बंद, अशी मागण्यांची यादी कुठल्याही जुन्या युनियनवाल्याने अर्ध्या तासात लिहून दिली असती. तहकुबीचा अर्धा तास त्याला पुरला असता.

यात अडचण एकच, आणि ती मात्र मोठी आहे. मागण्या मान्य झाल्या नाहीत तर संप करावा लागतो, संपात काम बंद ठेवावं लागतं, आणि इथलं काम म्हणजे राहणं. राहायचं बंद करून संपावर जाणारा रहिवासी जाणार कुठे? वेल्ह्याला गेला तरी मेंटेनन्स चालूच राहतो, फ्लॅट बदली माणसाला दिला तर दहा टक्के वर, आणि थकबाकी झाली तर २१ टक्क्यांपर्यंत व्याज लावायची मुभा उपविधींनी सोसायट्यांना दिलेली. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि तो संप दीड वर्ष रेंगाळला, कारण मालकांना एक साधी गोष्ट सुचली नाही : संपावर जाणाऱ्याने दरमहा गिरणीला पैसे भरायचे, आणि चुकले तर वर व्याज द्यायचं. ती सुचायला कारखान्याला आधी सोसायटी व्हावं लागलं.